रेघ दिसली म्हणून पाणी लागतंच असं नाही

वर एका दादांनी लिहिलंय की उपग्रहाच्या चित्रात सरळ रेघ दिसली की खाली खडकात भेग आहे असं धरून तिथं बोअर मारायची, पाणी हमखास. जरा दमानं. निपाणीजवळ मामांच्या रानात अशीच एक रेघ मी मोठ्या उत्साहानं दाखवली होती. जाऊन बघतो तर जुन्या गाडीवाटेच्या कडेची बाभळींची रांग!

खडकातली भेग ओळखायची तर ओढा बघा: मध्येच सरळ धावतो, नाहीतर काटकोनात वळतो. एप्रिल-मेमध्ये सगळं रान वाळलेलं असताना एखादाच पट्टा हिरवा राहतो. सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात (त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर), ती उन्हाळ्यातलीच घ्या. उसाच्या पट्ट्यात मात्र हिरवळीवर विसंबू नका, ते कालव्याचं पाणी असतं.

डाइकचं, म्हणजे खडकाच्या भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या पट्ट्याचं, गणित वेगळं. रेघ त्याचीही दिसते. घट्ट डाइक जमिनीखालच्या भिंतीसारखा पाणी अडवतो, म्हणून बऱ्याचदा उताराच्या वरच्या अंगाला पाणी आणि खालच्या अंगाला ठणठणाट.

शिवाय आमचा बेळगाव जिल्हा एक, खडक अनेक. चिकोडी-अथणीकडे बेसॉल्ट (थराथरांनी थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक), गोकाकच्या धबधब्यापाशी वालुकाश्म. बेसॉल्टमध्ये पाणी दोन थरांच्या सांध्यातही सापडतं, आणि तो आडवा सांधा वरून रेघ म्हणून दिसत नाही. त्यामुळे रेघेला आडवी विद्युत-रोधकता चाचणी (जमिनीत वीज सोडून खालचा खडक तिला किती विरोध करतो ते मोजतात) घेतल्याशिवाय बोअरची गाडी बोलावू नका.

मामा अजून हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यालाच बोलावतात, ते सोडा.