फोर्क करताना कर्नल नेमके काय कॉपी करतो? मोठ्या प्रोसेसमध्ये लागणाऱ्या वेळेबाबत मदत हवी आहे

नमस्कार. लिनक्सवर सी भाषेत लिहिलेला माझा एक प्रोग्रॅम सुरू होतानाच सुमारे ८ जीबी माहिती मेमरीत भरून घेतो आणि पुढे अधूनमधून एखादी छोटी कमांड चालवण्यासाठी आधी फोर्क (चालू प्रोसेसची जुळी प्रोसेस बनवणारा कॉल) आणि मग एक्झेक (तिच्या जागी नवा प्रोग्रॅम चालू करणारा कॉल) करतो. माहिती भरण्यापूर्वी फोर्कचा कॉल एका मिलिसेकंदाच्या आत परत येतो, पण भरल्यानंतर त्याला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो आणि तेवढा काळ मूळ प्रोसेसचे काम अडून राहते.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फोर्कच्या वेळी मेमरीची प्रत काढत नाही, दोन्ही प्रोसेस मेमरीची तीच पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) वापरतात आणि कोणी लिहू लागले तरच त्या पानाची प्रत तयार होते, असे कॉपी ऑन राइटचे तत्त्व मी वाचले आहे. ते खरे असेल तर प्रोसेस ८ एमबीची असो वा ८ जीबीची, फोर्कचा वेळ सारखाच यायला हवा. तसा तो येत नाही, म्हणजे माझ्या समजुतीत कुठेतरी चूक आहे आणि ती मला सापडत नाही.

याच्याशी जोडलेल्या आणखी तीन गोष्टी विचारतो. एक, कॉल एकदाच केलेला असताना तो दोनदा परततो म्हणजे नेमके काय होते आणि नवी प्रोसेस कोणत्या ओळीपासून सुरू होते? दोन, एक्झेक अयशस्वी झाल्यावर मी नव्या प्रोसेसमध्ये एक्झिट बोलावतो, तेव्हा फोर्कच्या आधी छापलेला मजकूर कधीकधी दोनदा उमटतो. तीन, दुसऱ्या एका यंत्रावर बरीच मेमरी मोकळी दिसत असूनही फोर्क मेमरी अपुरी असल्याची त्रुटी देतो. या चारही प्रश्नांचे मूळ एकच असावे असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

कॉपी ऑन राइटबद्दल तुम्ही जे वाचले ते बरोबर आहे. पानांची प्रत निघत नाही, पण कोणता पत्ता कोणत्या पानाकडे जातो याची नोंदवही, म्हणजे पेज टेबल, प्रत्येक प्रोसेसला स्वतःची लागते आणि ती मात्र फोर्कच्या वेळीच तयार करावी लागते. हिशेब करून पाहा: ४ केबीच्या पानांनी ८ जीबी भरायला २०,९७,१५२ पाने लागतात आणि एक्स८६-६४ वर प्रत्येक नोंद ८ बाइटची असते, म्हणजे फक्त शेवटच्या पातळीच्या नोंदी १६ एमबी होतात. शिवाय प्रत्येक पानाचा वापर-गणक वाढवणे, मूळ प्रोसेसची नोंदसुद्धा केवळ वाचनापुरती करणे आणि शेवटी तिच्या टीएलबीतील, म्हणजे अलीकडे वापरलेल्या पेज टेबल नोंदींच्या प्रोसेसरमधील साठ्यातील, जुन्या नोंदी पुसणे, हे सारे आलेच. तुमचा वेळ तिथे जातो. फोर्कनंतर मूळ प्रोसेस एखाद्या पानावर पहिल्यांदा लिहिते तेव्हा पेज फॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर थांबून कर्नलला बोलावतो, तो खर्च आणखी वेगळा. नव्या प्रोसेसने तोवर एक्झेक केले असेल तर त्या पानाला दुसरा मालक उरलेला नसतो, म्हणून कर्नल प्रत न काढता केवळ लिहिण्याची परवानगी परत देतो, पण फॉल्ट चुकत नाही.

दोनदा परतण्याचे कोडे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या साठवण जागा, पाहिले की सुटते. कर्नल नव्या प्रोसेससाठी टास्क स्ट्रक्ट (प्रोसेसची माहिती ठेवणारी रचना) आणि कर्नल स्टॅक तयार करतो आणि सिस्टिम कॉलच्या दारात जपून ठेवलेली मूळ प्रोसेसची रजिस्टरे त्या स्टॅकवर उतरवतो. त्यांतील परतीचे मूल्य जिथे जाते त्या जागी, म्हणजे आरएएक्समध्ये, तो शून्य लिहितो. सूचनेचा पत्ता दोघांचा एकच असतो, त्यामुळे शेड्यूलरने नव्या प्रोसेसला पहिली पाळी दिली की ती फोर्कच्या लगेच पुढच्या सूचनेपासून चालू लागते. मूळ प्रोसेसला त्याच रजिस्टरमध्ये नव्या प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो. प्रत्येक प्रोसेस एकदाच परतते, फक्त प्रोसेस दोन झालेल्या असतात.

दोनदा उमटणारा मजकूर कर्नलच्या हाती पोचलेलाच नसतो. तो सी लायब्ररीच्या बफरमध्ये, म्हणजे तुमच्याच मेमरीत, पडून असतो आणि त्या मेमरीबरोबर नव्या प्रोसेसकडेही जातो. एक्झिट तो बफर रिकामा करते. तिथे बफरला हात न लावता प्रोसेस संपवणारी अंडरस्कोर एक्झिट वापरा.

दुसऱ्या यंत्रावर ओव्हरकमिटचे धोरण, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी देऊ करायची की नाही हे ठरवणारे सेटिंग, बहुधा २ वर ठेवलेले असावे. त्या धोरणात कर्नल, नवी प्रोसेस आपली सगळी खासगी मेमरी लिहून बदलेल असे धरून आधीच ८ जीबीची हमी मागतो, आणि ती मर्यादेत बसली नाही तर फोर्क नाकारतो.

जाता जाता, पीडीपी-७ वरच्या पहिल्या युनिक्समध्ये फोर्क असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला होता, कारण चालू प्रोसेस डिस्कवर स्वॅप करण्याची सोय आधीच होती आणि तिचाच उपयोग करून प्रत काढता आली. त्या काळच्या छोट्या मेमरीला ही रचना फार शोभून दिसत असे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. नोंदवहीचा हिशेब वाचल्यावर पहिला आणि शेवटचा प्रश्न एकाच मुळाशी जातात हे लक्षात आले. आता उपाय विचारतो. प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे प्रवाह) आहेत आणि एक्झेकपूर्वी नव्या प्रोसेसचे आउटपुट एका फाइलकडे वळवावे लागते. अशा वेळी काय वापरावे?

प्रतिसाद २

थ्रेड असतील तर अधिक सावध राहा. फोर्कनंतर नव्या प्रोसेसमध्ये केवळ कॉल करणारा थ्रेड जिवंत असतो. दुसऱ्या थ्रेडने त्या क्षणी धरलेले लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकानेच वापरावी यासाठीची कुलपे) मात्र धरलेल्याच अवस्थेत येतात आणि ते सोडणारा कोणी उरत नाही. म्हणून एक्झेकपर्यंत सिग्नल हँडलरमध्येही सुरक्षित ठरतील एवढीच फंक्शने बोलवा.

तुमच्या कामासाठी पॉझिक्स स्पॉन, म्हणजे नवी प्रोसेस बनवून तिच्यात थेट कमांड चालवणारे फंक्शन, योग्य आहे. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२४ पासून ते क्लोन या प्रोसेस बनवणाऱ्या सिस्टिम कॉलला अशा ध्वजांसह बोलावते की नवी प्रोसेस मूळ प्रोसेसचीच मेमरी वापरते आणि ती एक्झेक करेपर्यंत किंवा संपेपर्यंत तिला बोलावणारा थ्रेड थांबून राहतो. १९७९ च्या थ्रीबीएसडीमधल्या व्हीफोर्कचीच ही कल्पना, फक्त नव्या प्रोसेसला स्वतंत्र स्टॅक दिल्यामुळे अधिक सुरक्षित झालेली. पेज टेबलची प्रत नाही, त्यामुळे ८ जीबीची हमीही मागितली जात नाही. आउटपुट वळवण्यासाठी फाइल ॲक्शन्सची सोय आहे. इतर फाइली उघडताना क्लोज ऑन एक्झेकचा ध्वज लावा, नाहीतर त्यांचे डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलींचे क्रमांक, चालवलेल्या कमांडकडे जातील.

फोर्कच ठेवायचा असेल तर मेमरीच्या मोठ्या भागावर एमॲडव्हाइज या कॉलने डोंटफोर्क लावता येते, म्हणजे तो भाग नव्या प्रोसेसला मिळतच नाही. मात्र तिने तिथे हात लावला की ती सेगमेंटेशन फॉल्टने संपेल. २ एमबीची मोठी पाने वापरणे हाही मार्ग आहे, कारण तेव्हा ८ जीबीसाठी ४,०९६ नोंदी पुरतात.

मूळ प्रश्नकर्ता

पॉझिक्स स्पॉन वापरून पाहिले. माहिती भरण्यापूर्वीचा आणि नंतरचा वेळ आता जवळजवळ सारखा येतो आणि दुसऱ्या यंत्रावरची त्रुटीही गेली. तिथे ओव्हरकमिटचे धोरण खरोखर २ वरच होते.