छोट्या विमानासाठी घरी करता येण्यासारख्या वस्तू: कोणी काय काय केलंय?

उडाणटप्पू (ऑस्टिनजवळ, टेक्सस)

नमस्कार मंडळी. अखेर गंगेत घोडं न्हालं! ऑफिसातल्या एका मित्राबरोबर निम्म्या भागीदारीत १९७४ चं सेस्ना १५० घेतलं. रंग उडालाय, सीटची कव्हरं फाटलीत, पण मेकॅनिकनं इंजिन ठणठणीत आहे असं सांगितलंय.

हँगरची प्रतीक्षायादी एवढी लांब आहे की आमचा नंबर लागेपर्यंत मुलगी कॉलेजात गेलेली असेल. तोवर विमान उघड्यावर, दोरांनी बांधलेलं. वरून टेक्ससचं ऊन, वारा, पक्षी आणि गांधीलमाश्या. म्हणून सामानाचा कॅटलॉग उघडला आणि मिटून ठेवला. फोमचे दोन तुकडे लाल रेक्झिनमध्ये शिवलेले, त्याला शंभरावर डॉलर? माझ्याकडे शिलाई मशीन आहे (बायकोचं नाही, माझंच), थोडंफार सुतारकाम येतं. इंजिनाच्या तोंडाला (हवा आत जायच्या भोकांना) लावायचे बोळे, पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर, खिडक्यांचे पडदे, चाकाखालचे ठोकळे, पेट्रोल मोजायची काठी, यातलं काय घरी करावं आणि कशाला हात लावू नये? एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमात बसतं ना हे सगळं?

डेटनकर (ओहायो)

अभिनंदन. बचत खात्याला आता रामराम करा.

नियमाचं आधी उरकतो. जी वस्तू उड्डाणाआधी काढून जमिनीवर राहते, तिच्याशी एफएएला काही देणंघेणं नाही. गोधडी शिवा नाहीतर पैठणी लावा. जी वस्तू स्क्रूनं, रिव्हेटनं किंवा वायरनं विमानाला जोडली जाते, तिथे मेकॅनिकला विचारल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही. पायलट-मालकाला स्वतः करता येणाऱ्या कामांची यादी नियमावलीच्या भाग ४३ च्या परिशिष्टात आहे: टायर बदलणं, तेल बदलणं, लँडिंग लाइटचा बल्ब वगैरे. ती छापून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.

आता मुद्द्याचं. घरी केलेली वस्तू काम देईल का, हा प्रश्न सोपा आहे, बहुतेक देतात. ती काढायची राहिली तर काय होईल, हे आधी ठरवायचं आणि मगच कात्री उचलायची. विकतच्या वस्तूत निदान कोणीतरी तेवढा विचार केलेला असतो. घरच्या वस्तूत तो तुम्हालाच करावा लागणार.

पहिली करा ती पेट्रोलची काठी. तुमच्या १५० चे पेट्रोल दाखवणारे काटे नाचरे असणार, त्यांच्यावर विसंबू नका. साध्या टाक्या असतील तर दोन्ही मिळून २६ गॅलन, त्यातलं वापरता येतं २२.५. इंजिन तासाला साडेपाच-सहा गॅलन पितं. दिवसाच्या उड्डाणाला नियमानं अर्ध्या तासाचं राखीव लागतं, म्हणजे साधारण ३ गॅलन. अंदाज तेवढ्यानं चुकला की राखीव संपलं.

काठी लाकडाची, रंग-पॉलिश न लावलेली. कोरडं लाकूड भिजलं की रेघ स्पष्ट दिसते. हार्डवेअरच्या दुकानात रंग ढवळायच्या पट्ट्या फुकट मिळतात, त्यातली सरळ धारेची निवडा. विमान अगदी सपाट जागेवर उभं करा. तुमच्या विमानात पेट्रोलचा कॉक नुसता चालू-बंद आहे. दोन्ही टाक्या एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे उतारावर पेट्रोल खालच्या पंखाकडे सरकतं आणि खुणा चुकतात. टाक्या पूर्ण रिकाम्या करा. मग प्रत्येकीत पावणेदोन गॅलन ओता. हे न वापरता येणारं पेट्रोल, इथे तुमचं शून्य. त्यानंतर दोन-दोन गॅलन घालत जा आणि दर वेळी काठी त्याच ठिकाणी, त्याच कोनात बुडवून चाकूनं खाच पाडा. मार्करनं लिहिलेलं पेट्रोलमध्ये धुऊन जातं. डाव्या टाकीच्या खाचा एका बाजूला, उजवीच्या दुसऱ्या. काढलेलं पेट्रोल धातूच्या डब्यात घ्या, डबा आणि विमान वायरनं जोडून. प्लास्टिकची बादली अजिबात नको, स्थिर विजेची ठिणगी पुरेशी असते.

आणि काठीच्या वरच्या टोकाला भोक पाडून एक आडवी खुंटी ठोका. नाहीतर हात सुटला की काठी टाकीत, आणि मग मेकॅनिकचं बिल कॅटलॉगपेक्षा मोठं. काठीवर तुमच्या विमानाचा नंबर कोरा. शेजारच्याच्या १५० ला ती चालेल असं समजू नका, त्यालाही उसनी देऊ नका.

इंजिनाचे बोळे. सोफ्याचा तीन इंची फोम घ्या. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, तोंडापेक्षा अर्धा इंच मोठा, म्हणजे बोळा दाबून बसेल. फोम कापायला टर्की कापायची विजेची सुरी उत्तम; थँक्सगिव्हिंगनंतर गराज सेलमध्ये दोन-चार डॉलरला मिळते. थर्मोकोल वापरू नका, पेट्रोल लागलं की विरघळतो. वर लाल रेक्झिन. दोन्ही बोळे एका दोरीनं जोडा आणि ती दोरी पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्याला वळसा घालून ठेवा. विसरलात तर पंखा फिरताच दोरीसकट बोळे बाहेर फेकले जातात. शिवाय बोळ्याला एक उभा झेंडा शिवा, पायलटच्या सीटवरून नाकाच्या वर दिसेल एवढा उंच. बोळे इंजिन निवल्यावर लावा. वसंतात साळुंकीच्या जातीची इथली स्टार्लिंग तुम्ही जेवून येईपर्यंत अर्धं घरटं बांधते, आणि इंजिनावरचं वाळलं गवत म्हणजे चुलीतली काटकी.

पिटो. टेक्ससमध्ये कुंभारीण माशी चिक्कार. ती मातीनं नळी बुजवते आणि वेग दाखवणारा काटा खोटं बोलायला लागतो. १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाताहून उडालेलं बर्गनएअरचं ७५७ समुद्रात पडलं, १८९ जण गेले. विमान बरेच दिवस उभं होतं, पिटोंना कव्हरं नव्हती, आणि एक नळी बहुधा या माशीनंच बुजवली होती असा तपासाचा निष्कर्ष. तेव्हा कव्हर पाहिजेच. जुन्या चामड्याच्या पट्ट्याची म्यान शिवा, आणि तिला हातभर लांब लाल फीत.

स्टॅटिकच्या भोकावर (उंची-वेगाच्या काट्यांना बाहेरच्या हवेचा दाब देणाऱ्या) मात्र चिकटपट्टी कधीही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिमाहून रात्री उडालेल्या एरोपेरूच्या ७५७ वर विमान धुताना लावलेली पट्टी तशीच राहिली होती. ना उंची कळली, ना वेग. ७० माणसं. पट्टीला फीत नसते, झेंडा नसतो, आणि ती विमानाच्याच रंगाची दिसते. डाव्या स्ट्रटमागे (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यामागे) पेट्रोलच्या टाकीची हवेची नळी आहे, तीही बुजवू नका. उड्डाणाआधी बॅटरी घेऊन आत बघा, बास.

कंट्रोल लॉक, म्हणजे उभ्या विमानाचं सुकाणू वाऱ्यानं हलू नये म्हणून लावायची खीळ. जुन्या सेस्नांचा मूळ लॉक हरवलेला असतो आणि त्याच्या जागी कोणीतरी मोठा खिळा अडकवलेला असतो. तुमच्यात असेल तर आजच फेकून द्या. मूळ लॉकला एक पत्रा असतो, तो किल्लीची जागा झाकतो, म्हणजे लॉक काढल्याशिवाय इंजिन सुरूच करता येत नाही. खिळ्याला हे जमत नाही. आमच्या गावात, राइट फील्डवर, ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं मॉडेल २९९ हे बॉम्बर विमान उडालं, लॉक तसाच ठेवून, आणि पडलं. दोन माणसं गेली. चालवणारे सैन्यातले नावाजलेले चाचणी-वैमानिक होते. पायलटांची चेकलिस्ट तिथून रुजली. तेव्हा लॉक घरी करायचाच तर मोठ्या लाल पत्र्यासकट करा. थोडा वेळ उभं करायचं असेल तर सीटबेल्ट योकभोवती (हातातल्या सुकाणूभोवती) आवळा, फुकटात काम होतं.

दोर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. सुती-काथ्याचे पावसात आखडतात आणि पंखाची कडी ओढतात. ठोकळ्यांबद्दल काय सांगायचं, दोन बाय चार इंची लाकडाचा तुकडा तिरका कापा आणि जोडीला दोरी बांधा.

उजवी_सीट (फीनिक्स, ॲरिझोना)

काकांनी बहुतेक सगळं सांगितलं. मी इन्स्ट्रक्टर आहे, बाकीच्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण उन्हाचा विषय आमचा.

खिडक्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात चंदेरी बुडबुड्यांचं इन्सुलेशन रोलमध्ये मिळतं. ब्राउन पेपरवर खिडकीचा आकार उतरवून कापा, कडेला कापडी पट्टी शिवा. पण ते काचेला घट्ट चिकटवू नका. ही काच नाही, ॲक्रिलिक आहे. पडदा आणि खिडकी यांच्यात उष्णता कोंडली तर बारीक तडे जाण्याची भीती असते. वाऱ्यावर हलणारी जुनी चादर विंडशील्डवर बाहेरून टाकू नका. खाली धूळ अडकते आणि दिवसभर घासत राहते. पुसताना आधी भरपूर पाणी, मग मऊ सुती कापड, हात वरून खाली. अमोनियावालं काचेचं क्लीनर विमानाच्या आसपासही ठेवू नका. तुमचा पार्टनर चांगल्या भावनेनं एक दिवस फवारेल.

दुसरं, चुंबक. फोनचे होल्डर, पडद्यांची बटणं, टॅबलेटचं कव्हर, हल्ली सगळ्यात असतो. होकायंत्र डॅशवर आहे. घरी केलेली कुठलीही वस्तू आत न्यायची असेल तर विमान उभं असताना सीटवर बसा, ती वस्तू जिथे राहणार तिथे धरा आणि होकायंत्र हलतं का बघा. हललं तर वस्तू बाहेर.

आणि ज्यात काटकसर नको असं एकच सांगते: कार्बन मोनॉक्साइड. तुमच्या विमानाचा हीटर एक्झॉस्टच्या पाइपाभोवतीची गरम हवा आत सोडतो. पाइपाला चीर गेली की विषारी वायू आत. रंग बदलणारं स्वस्त कार्ड काही महिन्यांत निकामी होतं आणि त्याच्याकडे बघायचं भान तुम्हाला असेलच असं नाही. आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक घ्या. कव्हरांत वाचवलेले पैसे तिथे घाला.

काका, सीटबेल्टच्या लॉकबद्दल थोडी असहमत. टेक्ससमध्ये वादळ दुपारी सांगून येत नाही. जेवायला जातानाही खरा लॉक लावावा.

घार_हडपसर (पुणे)

आम्ही ग्लायडरवाले, आमच्याकडे इंजिनच नाही, त्यामुळे बोळ्यांचा खर्च वाचला. पण जगातलं सगळ्यात स्वस्त उपकरण आमच्याकडे आहे. कॅनॉपीवर (पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर) मधोमध चिकटवलेला लोकरीचा धागा. सरळ मागे उडतोय तर ग्लायडर सरळ चाललंय, तिरका झाला की रडरच्या पेडलवर पाय मारायचा. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरवर हेच केलं होतं, आणि यू-२ सारख्या हेरगिरीच्या विमानावरही असा धागा असतो. आजीच्या स्वेटरचा उरलेला तुकडा चालतो.

उडाणटप्पू, तुम्हीही लावून बघा की.

डेटनकर

घारूशेठ, त्यांचा पंखा नाकावर आहे. पंख्याचा वारा गोल फिरत मागे येतो, धागा खरं सांगणार नाही. त्यांच्यासाठी पॅनेलवरचा बॉलच (विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणारी नळीतली गोळी) बरा. राइट बंधूंचं नाव त्यांच्याच गावात, डेटनमध्ये घेतल्याबद्दल मात्र चहा लागू.

ताई, वादळाचं मान्य. आमच्याकडे बर्फ सांगून येतो.

उडाणटप्पू

सगळ्यांचे आभार. आज विमानावर जाऊन आलो. लॉकच्या जागी काय होतं सांगू? पेन्सिलएवढा जाड बोल्ट. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं वापरलेला, चकचकीत झालेला. पार्टनर म्हणाला, "चालतोय की!" त्याला १९३५ ची गोष्ट सांगितली, तो गप्प.

दोन शंका. पत्रा कसला घेऊ? आणि काठीसाठी टाक्या रिकाम्या करायच्या म्हणजे वीसेक गॅलन पेट्रोल काढून ठेवायचं कुठे?

डेटनकर

काढायचं कशाला? जेव्हा टाक्या तशाही कमी असतील तेव्हाच बेत करा. वार्षिक तपासणीच्या वेळी मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा, त्याच्याकडे डबे आणि वायर दोन्ही असतात. दुपारी काम करू नका, ऊन तापलं की पेट्रोल फुगतं आणि वाफाही जास्त. सकाळी सातला.

पत्रा ॲल्युमिनियमचा, दीड मिलिमीटर पुरे. लोखंडाचा नको, तो होकायंत्राजवळ येतो. कडा कानशीनं घासून गोल करा, नाहीतर पॅनेल ओरबाडेल. दोन्ही बाजूंनी लाल रंग. भोक पाडायच्या आधी पुठ्ठ्याचा करून बघा: लॉक घातला की किल्ली लावता येता कामा नये. पार्टनरलाच लावायला सांगा. त्यानं कशीतरी वाकडी करून लावलीच तर पत्रा अर्धा इंच वाढवा.