शब्दचर्चा : हुबेहूब की बरहुकूम? (घरचं विमान आणि 'वास्तवदर्शी' हा शब्द)

पाटीपेन्सिल

भाच्याला घरच्या संगणकावर विमान उडवायचंय, म्हणजे सिम्युलेटर हवाय, पडद्यावर विमान चालवल्याचा भास देणारा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टचं घेऊ, एक्स-प्लेन घेऊ की फुकटातलं फ्लाइटगियर, असं त्यानं विचारलं म्हणून टिपण लिहायला बसलो. दोन पानं झाल्यावर वाचून पाहिलं तर 'वास्तवदर्शी' हा शब्द नऊ वेळा आलेला. एका ठिकाणी 'मायक्रोसॉफ्टचं जास्त वास्तवदर्शी', खाली चार ओळींवर 'एक्स-प्लेन जास्त वास्तवदर्शी'. गंमत म्हणजे माझ्या मते दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. म्हणजे शब्दच फितूर झालाय.

मुळात हा कथा-कादंबरीच्या समीक्षेतला शब्द. वास्तव 'दाखवणारं' ते वास्तवदर्शी. पण विमान नुसतं दिसून भागत नाही, ते वागावंही लागतं. तर दुसरा शब्द सुचवा. आणि जाता जाता, सिम्युलेटरला काय म्हणू? 'अनुकारक' आणि 'सदृशीकरण यंत्र' असे दोन पर्याय माझ्याकडे आहेत.

शेंगदाणा

सिम्युलेटरला सिम्युलेटर म्हणा. 'अनुकारक' हे गोळीचं नाव वाटतं, जेवणानंतर दोनदा.

मोडीवाचक

वास्तवदर्शीच्या जागी दोन जुने शब्द देतो, दोन्ही फारसी वळणाचे आणि दोन्ही आपल्या तोंडात मुरलेले.

पहिला 'हुबेहूब'. मूळ हू-ब-हू, म्हणजे जसंच्या तसं. मराठीत तो जवळजवळ नेहमी डोळ्यांसाठी येतो (कधी आवाजासाठीही). चित्र हुबेहूब, पुतळा हुबेहूब, मुलगी आईसारखी हुबेहूब. पण 'घड्याळ हुबेहूब चालतं' असं आपण म्हणत नाही.

दुसरा 'बरहुकूम'. हुकुमाप्रमाणे, ठरल्याप्रमाणे. जुन्या कागदांच्या नकलांवर 'अस्सलबरहुकूम' असा शेरा आढळतो. ती नक्कल मुळाबरहुकूम आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. अक्षर वेगळं, कागद वेगळा, शाई वेगळी, दिसायला मुळासारखी मुळीच नाही, तरी व्यवहारात ती मुळाच्या जागी चालते.

तेव्हा दिसण्यापुरतं हुबेहूब आणि वागण्यापुरतं बरहुकूम. म्हणजे मायक्रोसॉफ्टचं हुबेहूब, एक्स-प्लेन बरहुकूम. तुमची दोन्ही वाक्यं आता भांडणार नाहीत.

पाटीपेन्सिल

व्वा. लगेच लावून बघतो.

मायक्रोसॉफ्टचं २०२० सालचं फ्लाइट सिम्युलेटर हुबेहूब. उपग्रह आणि विमानांतून घेतलेली बिंग नकाशांची छायाचित्रं, दोन पेटाबाइटांहून जास्त माहिती, आणि आपण उडत जाऊ तसतसा जमिनीचा तेवढाच तुकडा इंटरनेटवरून घरी येतो. खंडाळ्यावरून जाताना घाट ओळखू येतो. २००६ सालच्या आवृत्तीत असं नव्हतं. तिथे जमिनीचे ठरावीक नमुने फरशीसारखे जोडलेले असत, त्यामुळे पुण्याबाहेरचं शेत कुठल्याही देशातलं वाटे.

एक्स-प्लेनमध्ये रस्ते खऱ्या नकाशावरचे, पण घरं बहुतेक संगणकानं अंदाजानं उभी केलेली. तुमची सोसायटी तिथे असेल, तुमची गच्ची नसेल. तिथली मंडळी याला खरं जग म्हणत नाहीत, पटण्याजोगं जग म्हणतात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

हुबेहूबमध्येही फसगत आहेच. २०२० सालीच मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात लोकांना आभाळात घुसलेला सुळका दिसला. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर) कुणीतरी मजल्यांचा आकडा २ ऐवजी २१२ टाकला होता. तिथे तो पुढे दुरुस्तही झाला, पण सिम्युलेटरकडे जुनी प्रत पोचली होती. लोक मुद्दाम विमान घेऊन तो बघायला गेले. मोडीवाचक, तुमच्या नकलाकारांच्या हातून असले हस्तदोष होत असणार.

मोडीवाचक

रोजचे. पुढचा नकलाकार ते इमानानं उतरवून घेतो, तेही रोजचंच.

लोहगावच्या खाली

(विमानतळाशेजारी राहतो, म्हणून हे नाव. पंचवीसेक वर्षं हा नाद आहे.)

हुबेहूबबद्दल वाद नाही. पण 'बरहुकूम' तुम्ही नेमका उलट्या माणसाच्या गळ्यात घालताय.

विमान कसं वागेल हे संगणकाला सांगायच्या दोन रीती आहेत. एक, कोष्टकाची. अमुक वेग, नाक वाऱ्याशी अमुक अंशात, तर पंखाची उचल (वर उचलणारं बळ) एवढी, ओढ (मागे खेचणारं बळ) एवढी. हे आकडे खऱ्या विमानाच्या चाचण्यांतून किंवा हिशेबानं काढून आधीच भरून ठेवायचे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्त्या मुख्यतः अशा चालत. दुसरी रीत घडणीची. ऑस्टिन मेयर यांनी एक्स-प्लेन १९९५ च्या सुमारास आणलं ते या रीतीवर. पंखाचे, शेपटीचे, पंख्याच्या पात्याचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर हवा कशी येते ते बघून त्याचं बळ काढायचं, सगळ्यांची बेरीज करायची, आणि हे सेकंदात अनेकदा. कल्पना नवी नाही. विल्यम फ्रूड यांनी १८७८ साली जहाजाच्या पंख्यासाठी ती मांडली होती.

आता सांगा, अस्सलावरून उतरवून घेतलेली नक्कल कोणती? कोष्टकवाली. तीच अस्सलबरहुकूम. एक्स-प्लेनमध्ये कोणी काही उतरवून घेत नाही. विमानाला जो आकार दिला, त्यातून स्वभाव आपोआप येतो. त्याला मराठीत सुंदर शब्द आहे, 'उपजत'.

आणि उपजत म्हणजे सरस असं समजू नका. एअरलाइनचे वैमानिक ज्या कोट्यवधींच्या सिम्युलेटरवर शिकतात, तिथे विमान बनवणाऱ्या कंपनीनं उड्डाण-चाचण्यांतून दिलेली माहितीच वापरतात. कित्ता नीट गिरवला की चढण्याचा वेग, इंधन, उतरण्याचा वेग सगळं आकड्याला आकडा जुळतं. उपजतवाल्याचं विमान वळणात सुरेख वागेल, पण आकार भरताना पंखाचा छेद जरा चुकला की वेग दहा नॉट इकडेतिकडे.

पाटीपेन्सिल

मग उपजतचा फायदा काय?

लोहगावच्या खाली

कित्त्याचं पान संपतं तिथे. चाचणी-वैमानिकानं जे करून पाहिलं नाही, त्याचा आकडा कोष्टकात कुठून येणार? विमान गिरकीत गेलं, शेपटीकडून घसरू लागलं, की पढवलेला पोपट गप्प बसतो किंवा भलतंच बोलतो. तुकडेवाल्याकडे निदान उत्तर असतं. बरोबरच असेल असं नाही, पण ते हवेच्या नियमातून निघालेलं असतं.

हा पोरखेळातला बारकावा नाही. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए-३३० अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं बुजल्या, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉल होऊन साडेतीन मिनिटं खाली येत राहिलं. मोठ्या सिम्युलेटरांत त्या काळी स्टॉलच्या पलीकडचा भाग भरवशाचा नसे, कारण तिथली माहितीच तोकडी होती. नंतर नियम बदलले आणि तो भाग भरणं आलं.

फ्लाइटगियरचा उल्लेख कुणी करत नाही म्हणून मी करतो. तिथे दोन्ही रीती एकाच छपराखाली नांदतात. त्यात उड्डाणाचा हिशेब करणारे दोन भाग आहेत: जेएसबीसिममध्ये विमान रचलं तर कोष्टकं भरायची, वायएसिममध्ये रचलं तर आकार आणि वजन द्यायचं. शिवाय आतलं सगळं उघडून वाचता येतं. देखावा यथातथाच, पण शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. (मायक्रोसॉफ्टवालेही २०२० पासून पंख-शेपटीचे तुकडे पाडून हिशेब करू लागलेत, त्यामुळे 'ते कोष्टकवाले, हे तुकडेवाले' हे भांडण आता जुनं झालंय. चाहते मात्र अजून भांडतात.)

मोडीवाचक

कबूल, शब्द मागे घेतो. म्हणजे चुकीच्या गळ्यातून काढून बरोबर गळ्यात घालतो. उपजत फारच छान.

गोताखोर

आत्ता धागा पाहिला. मी छोटं विमान उडवायला शिकलो आहे, त्याआधी सहा वर्षं घरी सिम्युलेटर. दोन गोष्टी.

एक. वर 'स्टॉल होऊन' असं लिहिलंय. बातम्यांत याचं 'इंजिन बंद पडून' होतं, कारण मोटारीचं स्टॉल होणं म्हणजे इंजिन बंद पडणं. विमानात त्याचा इंजिनाशी संबंध नाही. त्या ए-३३० ची इंजिनं चालू होती. पंख समोरून येणाऱ्या हवेशी फार मोठा कोन करतो (साध्या छोट्या विमानात पंधरा-सोळा अंशांच्या पुढे), हवा पंखाच्या वरच्या अंगाला धरून वाहेनाशी होते आणि उचल ढासळते. याला मराठी शब्द कोणी देईल का? मी शिकवताना 'उचल तुटली' म्हणतो.

दोन. हुबेहूब, बरहुकूम, उपजत सगळं झालं, पण अंगाला काय कळतं याचा शब्द कुठाय? पहिल्याच दिवशी माझ्या शिक्षकांनी वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांवर कागद लावून ती झाकून टाकली. 'तू पडद्यावर शिकलेला दिसतोस, बाहेर बघतच नाहीस.' घरी शिकलेल्यांची ही ठरलेली खोड. खऱ्या विमानात वळणात पेडलवरचा पाय चुकला की आपण बाकावर एका बाजूला सरकतो, आकडा नंतर दिसतो. दांडी वेगाबरोबर जड होते, घरच्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकला ते माहीत नाही. बाजूच्या वाऱ्यात उतरताना पोटात जो गोळा येतो तो तर कुठल्याच खोक्यातून येत नाही.

शेंगदाणा

'उचल' घेऊन ऊसतोडीला जातात लोक. 'उचल तुटली' म्हटलं तर आमच्याकडे मुकादम आठवेल.

गोताखोर

आठवू द्या. उचल फिटेपर्यंत सुटका नाही, हे दोन्हीकडे खरंच.

मोडीवाचक

अंगाच्या प्रश्नावर एक जुनं उदाहरण आठवलं. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला पहिला गाजलेला सिम्युलेटर बनवला. वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना, म्हणून खोकं हलवायला त्यांनी ऑर्गनचे भाते वापरले. १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे विमानानं टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मेले, आणि मग सैन्यानं ही निळी खोकी घेतली. त्यात बाहेरचं काहीच दिसत नसे. हुबेहूब शून्य, तरी अंधारात घड्याळांवर उडायला माणसं त्यातच शिकली.

लोहगावच्या खाली

आणि आजचे सहा पायांवर हलणारे मोठे सिम्युलेटर तर चक्क फसवतात. धावपट्टीवर वेग घेतला असं भासवायला खोली हळूच मागे कलते. पाठ आसनात दबते, डोळ्यांना पडद्यावर सगळं सपाट दिसतं, मेंदू म्हणतो निघालो.

मोडीवाचक

मग सिम्युलेटरचा मराठी शब्द सापडलाच की. सोंग! आणि सोंग 'वठतं'. दिसणं, वागणं, अंगाला जाणवणं, सगळं मिळून वठतं. 'एक्स-प्लेनचं सेसना चांगलं वठलंय' हे वाक्य कुठल्याही मराठी माणसाला कळेल.

शेंगदाणा

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ग्राफिक्स कार्डाचे भाव बघून या.

लोहगावच्या खाली

एक राहिलं. बटणं दाबण्याचा क्रम, तपासणी-यादी, मनोऱ्याशी बोलण्याची भाषा. व्हॅटसिम या सिम्युलेटरवाल्यांच्या इंटरनेटवरच्या जाळ्यात २००१ पासून खरी माणसं घरून हवाई नियंत्रक होऊन बसतात आणि चूक बोललात तर थांबवतात. हे हुबेहूब नाही, उपजत नाही, हा 'शिरस्ता'. सिम्युलेटरसाठी बोइंग ७३७ चं एखादं महागडं विकतचं विमान घेतलं तर पैसे जातात ते मुख्यतः शिरस्त्याचे.

आणि भाच्याला 'प्रमाणित' या शब्दापासून सावध करा. एक्स-प्लेन अमेरिकेत मान्यताप्राप्त प्रशिक्षण-यंत्रांत वापरतात हे खरं, पण मान्यता त्या अख्ख्या यंत्राला असते, दांड्या-पेडलांसकट. घरच्या प्रतीवरचे तास लॉगबुकात चढत नाहीत.

पाटीपेन्सिल

टिपणातला परिच्छेद असा केलाय, बघा:

'सह्याद्री, गोवा, आपलं गाव वरून बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट घे, ते हुबेहूब आहे, पण इंटरनेट चांगलं लागेल. विमान हाताला कसं लागतं, गिरकीत कसं जातं, यात रस असेल तर एक्स-प्लेन, त्याचा स्वभाव उपजत आहे. पैसे नसतील किंवा आत काय चाललंय ते उघडून बघायचं असेल तर फ्लाइटगियर. शिरस्ता कुठेही शिकता येतो, त्याला वेळ लागतो. काहीही घेतलंस तरी आधी पायाचे पेडल घे, आणि घड्याळांकडे टक लावून बसू नकोस.'

'वास्तवदर्शी' एकदाही नाही.

गोताखोर

पेडल आधी, हे मनापासून पटलं. पेडलनं हलणाऱ्या, शेपटीवरच्या 'रडर'ला सुकाणू करताय ना?

पाटीपेन्सिल

करत होतो. भाचा म्हणाला, 'मामा, सुकाणू हातात असतं, हे पायात आहे.' रडरच ठेवलंय.