जात्यातले आणि सुपातले: तुमची कंपनी विकली गेली तेव्हा?

आमची कंपनी विकली गेल्याची बातमी मला सासऱ्यांनी दिली. सकाळी पेपर वाचता वाचता त्यांनी फोन केला, "अहो, तुमचा मालक बदलला म्हणे?" मी वाकडच्या पुलाखाली अडकलो होतो. ऑफिसात पोचलो तर टाऊनहॉल, म्हणजे सगळ्या स्टाफची सभा, सुरू झालेला आणि मोठे साहेब स्क्रीनवरून सांगत होते, "तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही." शेजारचा पुटपुटला, "बायोडेटा काढा."

पुढचे सात महिने विचित्र गेले. एचआरवाली बाई दोन अनोळखी माणसांना घेऊन लिफ्टपाशी दिसली, की अख्खा मजला माना खाली घालून टाइप करायला लागायचा. चहाच्या टपरीवर तर रोज नवा आकडा: तीनशे जाणार, आठशे जाणार, फक्त टेस्टिंगवाले जाणार. (मी टेस्टिंगमध्येच.)

हे काही नवीन नाही. पटनी या सॉफ्टवेअर कंपनीत लागून २०११ मध्ये आयगेटचे आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीचे झालेले लोक नवी मुंबई-पुण्यात कितीतरी सापडतील. खुर्ची तीच, गळ्यातला पट्टा तिसरा. तेव्हा सौदा जाहीर होणं आणि पुरा होणं यांच्या मधल्या दिवसांबद्दल लिहा. नारळ मिळाला की नाही हेही सांगा, पण मला ते मधले महिने हवे आहेत.

खराडीहून, अकाउंट्स

माझी गोष्ट कागदाची आहे. आमची कंपनी अख्खी विकली नव्हती, फक्त आमचा विभाग दुसऱ्याला दिला. त्यामुळे एके दिवशी दोन पानं पुढे आली: एकावर इथला राजीनामा, दुसऱ्यावर तिथलं नेमणूकपत्र. "फॉर्म्यालिटी आहे, लंचच्या आधी सह्या करून द्या."

मला तेव्हा चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी लागते. नव्या पत्रात रुजू होण्याची तारीख नवी, आणि जुनी सेवा धरणार असल्याचा एक शब्दही नाही. म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. मी अकाउंट्सवाला, ग्रॅच्युइटीची तरतूद दरवर्षी मीच लावतो: शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. आणि स्वतःच्या वेळी पेन उघडून बसलो होतो! शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "तुझ्यात सेवा अखंड लिहिलंय का रे? माझ्यात नाही." मग आम्ही अकरा जणांनी मेल टाकला. नऊ दिवस उत्तर नाही. त्या नऊ दिवसांत वाटलं, आता यादीत पहिलं नाव आपलंच. दहाव्या दिवशी सुधारित पत्रं आली, एक ओळ वाढवलेली. ज्यांनी आधीच सह्या केल्या होत्या, त्यांना ती ओळ मिळवायला चार महिने भांडावं लागलं.

एडिसन, न्यू जर्सी

इथे नोकरीची भीती वेगळी आणि व्हिसाची वेगळी. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलात तर नोकरीचा शेवटचा दिवस संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस. सेव्हरन्सचे, म्हणजे काढताना देतात ते, पैसे हातात पडले म्हणून ते वाढत नाहीत. मोठ्या कपातीत इथल्या राज्याच्या कायद्याने एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो, पण माणसं किती काढली यावर ते ठरतं. आमच्याकडे थोडी थोडी काढली.

मुलगी तिसरीत. शाळेच्या नाटकात तिला झाड व्हायचं होतं, नाटक मे महिन्यात. मी मनात दिवस मोजायचो, मेपर्यंत इथे आहोत का? बायकोला सांगितलं नव्हतं. तिने माझ्या फोनवर सूटकेसच्या किमती शोधलेल्या पाहिल्या, तेव्हा बोलणं झालं. मी वाचलो. ग्रीन कार्डची फाइल मात्र नव्या कंपनीच्या वकिलांकडे जाईपर्यंत वर्ष गेलं.

वाळूज

आमच्याकडे उलटं झालं. कारखाना परदेशी कंपनीने घेतला तेव्हा मशिनवरचे कामगार निवांत होते. युनियनच्या अध्यक्षांनी गेटसभेत तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातलं २५-एफएफ कलम वाचून दाखवलं: मालक बदलला तरी सेवेत खंड पडता कामा नये, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, जुनी वर्षं नव्या मालकाने मानली पाहिजेत. नाहीतर कपात केल्यासारखी भरपाई, म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. खाली बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सुपरवायझर मागे इस्त्रीचे शर्ट घालून उभे. आमचं काय विचारलं तर म्हणाले, "साहेब, तुम्ही कामगार नाही ना!" वीस वर्षं हेच ऐकायला आवडायचं.

बारा जणांपैकी पाच गेले. मी राहिलो, का ते आजही माहीत नाही.

पूर्वी एचआरमध्ये होतो

शिव्या पडतील, तरी लिहितो. कोणाला काढायचं ती यादी मी केली होती. दोन्हीकडचे पेरोल विभाग समोरासमोर ठेवले: इकडे नऊ, तिकडे अकरा, हवेत बारा. एक्सेलमध्ये नावं नसतात, एम्प्लॉयी कोड असतात. मला कोड पाठ होते.

त्यातला एकजण रोज माझ्याबरोबर डबा खायचा. एके दुपारी म्हणाला, रावेतला फ्लॅट बघितलाय, रविवारी टोकन देतो. मी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली. एवढंच म्हणालो, "दिवाळीनंतर बघ की, रेट उतरतात." त्याने भेंडीची भाजी माझ्या ताटात वाढली आणि म्हणाला, "उतरत नाहीत रे." रविवारी टोकन दिलं.

त्यानंतर मी डबा आणणं बंद केलं.

नांदेड, बँकेतली

मी हैदराबाद बँकेची, म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबादची. १ एप्रिल २०१७ ला आम्ही स्टेट बँकेत गेलो. काढलं कोणालाच नाही, हे आधी सांगते. चिंता वेगळ्या होत्या: एकाच रस्त्यावर दोन शाखा, मग कोणती राहणार? ज्येष्ठता कशी धरणार? बदली मराठवाड्याबाहेर होईल का? आमच्यातल्या काहींनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. ३१ मार्चला जुन्या नावाच्या रबरी शिक्क्यांवर सगळ्यांनी एकेकदा शाई लावली आणि कोऱ्या कागदावर ते उठवून घरी नेले. माझा कपाटात आहे.

फक्त वाचत होते, आज लिहिते

आमच्याकडे आज सकाळी आमंत्रण आलं. टाऊनहॉल, दुपारी सव्वाचार, कॅमेरा चालू ठेवा म्हणतात. मला चार वर्षं सात महिने झालेत. खराडीवाले, तुमच्या पत्रात वाढवलेली ती ओळ जशीच्या तशी इथे लिहाल का?