पोर्तुगाल, आई-बाबांसोबत: अकरा दिवसांत सात ठिकाणं जमतील का?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच युरोपला जातोय, तेही आई-बाबांना घेऊन, त्यामुळे जरा टेन्शन आहे. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, नोकरी करतो, बाबा अजून गावाकडे निफाड तालुक्यात बाग बघतात. वय ६७, आई ६३. पुढच्या वर्षी सिंहस्थ, म्हणजे घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, म्हणून यंदाच जायचं ठरवलं. ३१ ऑगस्टच्या रात्री मुंबईहून निघायचं आणि गणपतीच्या आत (१४ सप्टेंबर) परत. एकदा ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बाबा बागेतून हलत नाहीत, त्यामुळे हाच काय तो मोकळा वेळ.

पोर्तुगालच का, तर बाबांनी कुठल्याशा व्हिडिओत डोरो नदीकाठच्या डोंगरउतारावरच्या द्राक्षबागा बघितल्या आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे, मोबाईलवर थांबवून थांबवून बघतात, एवढ्या चढावर हे लोक फवारणी कशी करत असतील म्हणून.

मी असा प्लॅन केलाय: लिस्बन २ रात्री, सिंत्रा १, एव्होरा १, लागोस २, कोइंब्रा १, पोर्टो ३, आणि पोर्टोहून एक दिवस डोरोची टूर. परत लिस्बनहून विमान. आईचे गुडघे दुखतात, जास्त जिने चढवत नाहीत. दोघंही शाकाहारी, बाबा माळकरी आहेत त्यामुळे वाइनचा प्रश्नच नाही, त्यांना फक्त बाग बघायचीय. वाइन न पिता तिथल्या बागेत शिरता येतं का? आणि बाकी प्लॅन कसा वाटतो ते स्पष्ट सांगा.

गोदाकाठ

दादा, स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो, हा प्लॅन आई-बाबांना झेपणार नाही. सहा वेळा बॅगा भरायच्या, सहा वेळा हॉटेल शोधायचं, आणि ज्या गोष्टीसाठी बाबा एवढ्या लांब येतायत तिला फक्त एक दिवस, तोही टूरच्या बसमधे! मी तीन वर्षांपूर्वी माझ्या सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा हीच चूक केली, डोरोला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि सासरे अजूनही म्हणतात की बागेत नीट फिरलोच नाही.

लागोस काढा, ते दक्षिणेला समुद्रावर, तुमच्या उरलेल्या सगळ्या रस्त्याच्या उलट्या दिशेला. एव्होरा छान आहे, रोमन देऊळ आहे, पण या वेळी सोडा. आणि परत लिस्बनला येऊ नका, लिस्बनला उतरायचं आणि पोर्टोहून उडायचं असं तिकीट काढा. मुंबईहून डायरेक्ट विमान नाहीच, कुठेतरी बदलायचंच आहे, मग दोन्ही टोकं वेगळी ठेवली तरी विशेष फरक पडत नाही आणि परतीचे तीन तास ट्रेनचे वाचतात.

आता डोरो. पोर्टोच्या साओ बेंटो किंवा कंपान्या स्टेशनहून साधी रीजनल ट्रेन मिळते, पिन्याव नावाच्या गावापर्यंत अडीच तासांच्या आसपास लागतात. सीट नंबर नसतो, म्हणून लवकर जाऊन उजव्या बाजूच्या खिडक्या पकडा, रूळ नदीच्या उत्तर काठाने जातात, त्यामुळे जाताना नदी उजवीकडेच दिसते. सुरुवातीला तासभर काही नाही, घरं, शेतं, मग एकदम नदी येते ती पार खिडकीखाली. बाबा ६५ च्या वर आहेत ना, रेल्वे ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटात नेते, पासपोर्ट दाखवायचा.

पिन्यावला दोन रात्री रहा. अगदी छोटं गाव. स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रं आहेत, त्यात द्राक्षतोडणी, पाठीवर टोपल्या घेतलेली माणसं, नदीतून पिंपं नेणाऱ्या होड्या. माझे सासरे त्या भिंतीपाशी अर्धा तास उभे होते, एकेक टोपली कशी धरलीय ते बघत. सप्टेंबर म्हणजे तिथला तोडणीचाच महिना, तुमची वेळ अगदी बरोबर जुळलीय.

वाइन प्यावी लागत नाही हो. बुकिंग करताना आधीच कळवा की आम्ही पीत नाही, बाग आणि तोडणी बघायचीय, वडील स्वतः द्राक्ष उत्पादक आहेत. हे शेवटचं आवर्जून लिहा. आम्हाला बाग दाखवणाऱ्या बाईंना सासरे शेतकरी आहेत कळल्यावर त्यांनी टेस्टिंगची खोली सोडून आम्हाला थेट वरच्या टप्प्यावर नेलं आणि मग भाषा येत नसताना दोघं हातवारे करून काडीच्या (वेलीच्या फांदीच्या) जाडीवर बोलत होते.

द्राक्षबाग_निफाड

हे वाचून बाबांना फोन लावला, दोन रात्री म्हटल्यावर आवाजच बदलला त्यांचा. ते विचारतायत तिथे वेलींना मांडव असतो का, जमीन कशी, आणि खुंट (ज्याच्या मुळावर द्राक्षाची वेल कलम करतात तो) कुठला वापरतात.

खुंटरोप

काकांच्या प्रश्नांसाठी खास लॉगिन केलं. मी पिंपळगावकडे रोपवाटिकेत काम करतो, डोरोला दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो.

मांडव नाही. तारेवरच्या बुटक्या वेली, कमरेएवढ्या. आपण खायची द्राक्षं करतो, मोठा मणी, बिनबियांची; त्यांचा मणी बारीक, जाड सालीचा, बी असलेला. जमीन म्हणाल तर माती जवळजवळ नाहीच, सगळा पाटीच्या दगडासारखा थर, बोटाने सोलला तर पापुद्रे निघतात. मुळं त्या फटींतून खोल जातात, पाण्याच्या शोधात. दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. उतारावर टप्पे करून दगडी ताली रचल्यात, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. फवारणीला आणि तोडणीला बऱ्याच जागी यंत्र जातच नाही, माणसंच.

खुंटाचा प्रश्न मात्र लाखातला आहे. १८६० च्या दशकात तिथे फिलॉक्सेरा आला, मुळावरची बारीक मावा-वर्गातली कीड, अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर युरोपात शिरलेली. बागाच्या बागा वाळल्या. बऱ्याच शेतकऱ्यांनी ते टप्पे पुन्हा लावलेच नाहीत, आजही डोंगरावर ओसाड ताली दिसतात, झुडपं माजलेली, त्यांना तिथे मोर्तोरियोस म्हणतात, म्हणजे मेलेल्या बागा. काकांना त्या नक्की दाखवा. मग उपाय काय सापडला तर अमेरिकन जंगली वेलीच्या मुळावर आपली वेल कलम करायची, कारण त्या मुळांना ती कीड सोसते. काकांच्या बागेत डॉगरिज असेल ना? तोही अमेरिकन वेलीचाच खुंट, आपण तो क्षार आणि कमी पाण्यासाठी वापरतो, ते किडीसाठी वापरायला लागले. म्हणजे निफाडची मुळं आणि डोरोची मुळं नात्यातलीच आहेत.

अजून एक, आपल्या नाशिकच्या द्राक्षाला जीआय (भौगोलिक मानांकन) आत्ताआत्ता मिळाला, डोरोची हद्द १७५६ मधेच आखली गेली, आणि ती दाखवायला दगडी खांब रोवले होते, त्यातले काही अजून उभे आहेत.

काका तिथून एखादी काडी आणायचं मनात आणतील, मी ओळखतो शेतकरी माणसाला. कृपा करून आणू देऊ नका. परवानगीशिवाय रोप किंवा काडी देशात आणता येत नाही, आणि वर सांगितलेली सगळी बरबादी अशाच आणलेल्या रोपांमधून झाली होती.

कॉलेजरोड_ताई

मी जेवणाचं आणि चालण्याचं सांगते, कारण पुरुष मंडळी बागेतच अडकली 🙂

लिस्बन म्हणजे चढ-उतारच, आणि फुटपाथ छोट्या गुळगुळीत दगडांचे, पाऊस पडला की घसरतात. आईंना नवे बूट आत्ताच घेऊन द्या आणि गोदाघाटावर रोज फिरायला लावा, तिथे जाऊन नवे घालू नका. राहायला बायशा भागात बघा, हा शहराचा सपाट भाग आहे, १७५५ च्या भूकंपानंतर सरळ रस्ते आखून नव्याने बांधलेला. अल्फामा जुना आणि देखणा पण सगळा जिन्यांचा, तिथे नुसतं फिरायला जा. आणि बुक करताना लिफ्ट आहे का हे स्वतः मेसेज करून विचारा. आम्ही फोटो बघून एक जागा घेतली, चौथा मजला, लिफ्ट नाही, लाकडी अरुंद जिना, माझ्या आईला मी आणि नवरा दोन्ही बाजूंनी धरून चढवायचो, दुसऱ्या दिवशी तिने बाहेर यायलाच नको म्हटलं. खूप वाईट वाटलं मला.

२८ नंबरची ट्राम सगळे सांगतात, पण गर्दी प्रचंड आणि खिसेकापू असतात. सकाळी लवकर पहिल्या स्टॉपवरून बसा नाहीतर सोडून द्या.

जेवण: हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज आपोआप टेबलावर येतं, ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. भाजीचं सूप सगळीकडे मिळतं पण हिरव्या सूपमधे (काल्दु व्हेर्द) सॉसेजचा तुकडा टाकतात, आधी विचारा. "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे कागदावर लिहून घ्या. लिस्बनला मार्तीम मोनीज चौकाजवळ आपल्याकडचं किराणा सामान मिळतं, डाळ-तांदूळ-मसाले सगळं. पिन्यावला मात्र पर्याय कमी, तिथे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दशम्या, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. पण तूप, पेढे, खवा काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

आणि आईंना सांगा की तिथे भाषा अगदीच परकी नाही. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द त्यांच्याकडूनच आलेत आपल्याकडे. माझी आई बेकरीत जाऊन "पाव" म्हणाली आणि त्या बाईने पाव दिला, इतकी खूश झाली ती, त्या दिवसापासून रोज सकाळी पाव आणायला तीच जायची.

गोदाकाठ

ताईंनी छान सांगितलं. सिंत्रा मात्र काढू नका, लिस्बनच्या रोसिओ स्टेशनहून ट्रेनने ४० मिनिटं, दिवसात जाऊन येता येतं, राहायची गरज नाही. तिथल्या पेना राजवाड्याच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, ती पाळावीच लागते, आणि स्टेशनपासून वर चढण मोठी आहे, त्यामुळे त्या दिवशी टॅक्सीचे पैसे वाचवू नका. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. वास्को द गामाची कबर तिथेच आहे.

व्हिसाचं विसरू नका. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तुम्ही मार्चमधेच करा. फी ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. सासऱ्यांचं उत्पन्न शेतीचंच, म्हणून आम्ही सातबारा आणि आठ-अ चं इंग्रजी भाषांतर आणि माल विकल्याच्या पावत्या जोडल्या होत्या, काही अडचण आली नाही.

द्राक्षबाग_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गावाला जाऊन चौघांनी बसून नवीन केलं: १ तारखेला लिस्बन, चार रात्री, त्यातला एक दिवस सिंत्रा. ५ ला कोइंब्रा एक रात्र, विद्यापीठ १२९० चं आहे आणि तिथल्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळं रात्री पुस्तकांवरचे किडे खातात हे ऐकून आईलाच ते बघायचंय. ६ ते ८ पिन्याव. मग पोर्टो तीन रात्री, ११ ला तिथूनच विमान. ६ ला रविवार येतोय, पण ७ ला सोमवारी तोडणीवाले बागेत असतील ना?

खुंटरोप दादा, बागेत डॉगरिजच आहे. तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला. काडीचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले बरोबर आहे त्याचं. आता विचारतायत की आपले घरचे बेदाणे नेऊन तिथल्या शेतकऱ्याला दिले तर चालतील का.

खुंटरोप

सोमवारी असतील, तोडणीच्या दिवसांत सकाळी लवकर सुरू करतात, दुपारी ऊन फार असतं, तुम्हीही सकाळचीच वेळ मागा. ताजी द्राक्षं नेता येणार नाहीत, बेदाणे चालतात. पाकिटात सील करून न्या आणि वर काकांच्या गावाचं नाव लिहा.