यूजीएमआरटी बँड 3 वर पहिली 10 तासांची निरीक्षणं: 2 वर्षांच्या पोस्टडॉकमध्ये हे कसं बसवायचं?

मृगशीर्ष

नमस्कार मंडळी. पीएचडी ऑप्टिकलमधली आहे: 2 मीटर वर्गाच्या दुर्बिणींवरच्या प्रतिमा आणि वर्णपट. सप्टेंबरपासून 2 वर्षांची पोस्टडॉक सुरू होतेय आणि विषय आहे दीर्घिका-समूहांमधले रेडिओ हेलो, म्हणजे समूहभर पसरलेलं धूसर रेडिओ तेज. लक्ष्य विषुवांश 10 तास, क्रांती +10 अंश, ताम्रसृती 0.2. खोडदच्या यूजीएमआरटी (सुधारित जीएमआरटी) या रेडिओ दुर्बिणीवर बँड 3 मध्ये (300 ते 500 मेगाहर्ट्झ) 10 तास मागायचा विचार आहे.

10 तास सलग मागावेत की तोडून? कॅलिब्रेटर (मोजमाप जुळवायचे ओळखीचे स्रोत) कसे निवडायचे? डेटा किती येतो, आणि साध्या वर्कस्टेशनवर तो निभतो का? पाइपलाइन (डेटावर प्रक्रिया करणारा तयार प्रोग्रॅम) चालवली की काम झालं, असं काही जण म्हणतात. ते कितपत खरं? ऑप्टिकलवाल्याला कळेल अशा भाषेत सांगितलंत तर फार मदत होईल.

ध्रुवमत्स्य

अभिनंदन. दुर्बिणीकडे वळण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा, कारण पोस्टडॉकमध्ये सगळ्यात आधी तेच आडवं येतं.

जीएमआरटीची सत्रं दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रस्तावांची मुदत साधारण जानेवारी आणि जुलैच्या मध्याला असते. तुम्ही सप्टेंबरात रुजू होणार, म्हणजे जुलैची मुदत टळलेली. जानेवारीत प्रस्ताव दिलात तर वेळ मिळेल एप्रिलनंतरचा. आता तुमचं लक्ष्य बघा. विषुवांश 10 तास म्हणजे ते मध्यरात्री डोक्यावर येतं फेब्रुवारीच्या 20 तारखेच्या आसपास. खोडदचं रेखांश 74 अंश, त्यामुळे घड्याळात साडेबारा वाजलेले असतील. पुढे ते रोज 4 मिनिटं लवकर येतं. एप्रिलच्या 10 तारखेला रात्री सव्वानऊच्या सुमारास, आणि जूनपासून ते दिवसाउजेडीच डोक्यावर येतं. ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर सूर्य तुमच्या लक्ष्यापासून जेमतेम 2-3 अंशांवर असतो. रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते हे खरं, पण सूर्य बाजूच्या लोब्समधून डेटात शिरतो. त्या काळात मागूच नका.

म्हणजे खरं सत्र ऑक्टोबर-मार्च आणि त्याची मुदत पुढच्या वर्षीचा जुलै. डेटा हातात येणार तुमच्या 17-18 व्या महिन्यात. पुढच्या नोकऱ्यांचे अर्ज मात्र त्याआधीच, ऑक्टोबर ते डिसेंबरात भरायचे असतात. नव्या निरीक्षणांच्या भरवशावर एकुलता एक पेपर ठेवलात तर अर्जात दाखवायला काहीच नसेल.

म्हणून पहिलं वर्ष संग्रहावर काढा. जीएमआरटीचा डेटा निरीक्षणानंतर 18 महिन्यांनी सर्वांना खुला होतो आणि ऑनलाइन संग्रहातून मागवता येतो. तुमच्या समूहाकडे, नाहीतर तशाच दुसऱ्या दोन-तीन समूहांकडे, आधी कुणी पाहिलंय का ते शोधा. रिडक्शन शिकायला जुना डेटा उत्तम, आणि बऱ्याचदा त्यातून पेपरही निघतो. जुलैच्या प्रस्तावात “जुन्या डेटात हेलोची धूसर खूण दिसते, ती पक्की करायला इतके तास हवेत” असं आकृतीसकट लिहिता आलं, तर तो प्रस्ताव कोऱ्या प्रस्तावापेक्षा कितीतरी जड भरतो.

टीजीएसएस हे 150 मेगाहर्ट्झचं सर्वेक्षण याच दुर्बिणीवर झालंय. त्यात आणि एनव्हीएसएस या 1.4 गिगाहर्ट्झच्या सर्वेक्षणात लक्ष्याभोवतीचं 2 अंशांचं आकाश आजच पाहून ठेवा. तिथे एखादा तेजस्वी स्रोत असला तर संवेदनक्षमतेची सगळी गणितं बदलतात.

रेडिओकर

वरचं सगळं बरोबर. आता निरीक्षणांबद्दल.

10 तास सलग मागू नका. 5-5 तासांचे दोन भाग मागा. दुर्बिणी सुमारे 17 अंश उंचीच्या खाली झुकत नाहीत, त्यामुळे क्रांती +10 चं लक्ष्य दिवसाला साधारण 10 तासच हाती असतं. एका रात्री उगवतीकडचा अर्धा भाग घ्या आणि दुसऱ्या रात्री मावळतीकडचा. यूव्ही व्याप्ती (अँटेनांच्या जोड्यांनी भरलेली अंतरं आणि दिशा) जवळजवळ सलग निरीक्षणाइतकीच मिळते. एखादी रात्र आयनांबरानं किंवा विजेच्या घोटाळ्यानं खाल्ली तरी अर्धं काम वाचतं. वेळापत्रक लावणाऱ्यांनाही लहान तुकडे बसवणं सोपं जातं.

किती तास हवेत ते सूत्रानं दाखवा. 26 अँटेना, 200 मेगाहर्ट्झ पट्टा, प्रणालीचं तापमान 100 केल्विन आणि दर अँटेनाला 0.38 केल्विन प्रति जान्स्की धरलं, तर 1 तासाला सैद्धांतिक गोंगाट सुमारे 12 मायक्रोजान्स्की येतो. अँटेना 30 आहेत, पण प्रस्तावात 26 च धरा. एक-दोन दुरुस्तीला असतात आणि एखादीचा डेटा नंतर काढावा लागतो. प्रत्यक्षात गोंगाट या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट निघतो हे गृहीत धरूनच तास मागा. 10 तासांतले लक्ष्यावर जेमतेम साडेसात पडतात. बाकीचे कॅलिब्रेटर आणि दुर्बीण वळवण्यात जातात. सुरुवातीच्या मांडणीचा तासभर वेगळा मागा.

फ्लक्स कॅलिब्रेटरचं तुमचं नशीब चांगलं आहे. सुरुवातीला 3सी147 आणि शेवटी 3सी286, दोन्ही रात्री. तुमच्या नाक्षत्रवेळांना दोन्ही पुरेशा उंचीवर असतात. प्रत्येकावर 10 मिनिटं. हेच बँडपासलाही चालतात. बँडपास म्हणजे तुमचा फ्लॅट-फील्डच समजा, फक्त वारंवारतेतला. एकच फ्लक्स कॅलिब्रेटर ठेवून दुसऱ्याची 10 मिनिटं वाचवायचा मोह टाळा. तो स्कॅन बिघडला तर अख्ख्या रात्रीला मोजपट्टी उरत नाही.

फेज कॅलिब्रेटर व्हीएलए या अमेरिकी रेडिओ दुर्बिणीच्या यादीतून, लक्ष्यापासून 15 अंशांच्या आत शोधा. या वारंवारतेला तो बिंदूवत आहे ना, हे मात्र तपासा, 1.4 गिगाहर्ट्झला छान वाटणारे काही स्रोत खाली फुगलेले असतात. लक्ष्यावर 35 मिनिटं, कॅलिब्रेटरवर 5 मिनिटं, असं चक्र ठेवा.

आयनांबराकडे दुर्लक्ष करू नका. खोडद विषुववृत्तीय आयनीभवनाच्या पट्ट्याजवळ आहे. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत, त्यातही मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्लाझ्माच्या बुडबुड्यांमुळे फेज मिनिटामिनिटाला उड्या मारतो. त्यामुळे एप्रिलची सव्वानऊची वेळ कागदावर रात्रीची असली तरी मी ती घेणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीतली मध्यरात्र ते पहाट मागा.

प्रत्यक्ष रात्री कंट्रोल रूममधले ऑपरेटर तुमची कमांड फाइल चालवतात. फाइलमधल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत आहेत की नाक्षत्रकाळात, हे दोनदा पाहा. पहिल्या कॅलिब्रेटरवर सगळ्या अँटेनांचे फ्रिंज (जोड्यांचे जुळलेले संकेत) दिसेपर्यंत लक्ष्याकडे वळू नका. कुठली अँटेना किती वाजता बंद पडली याची नोंद ऑपरेटर ठेवतात. ती मागून घ्या. रिडक्शनच्या वेळी त्या कागदानं दोन दिवस वाचतात.

मृगशीर्ष

कॅलेंडरचा हा हिशोब डोक्यातच आला नव्हता. टीजीएसएसमध्ये पाहिलं; लक्ष्यापासून 50 कोनीय मिनिटांवर एक बऱ्यापैकी तेजस्वी स्रोत आहे. हे वाईट का? आणि डेटाच्या आकाराचं राहिलं.

नारायणगावकर

वाईट आहे, पण हाताबाहेरचं नाही. 400 मेगाहर्ट्झला प्राथमिक बीमची (एका अँटेनाला दिसणाऱ्या आकाशाची) अर्धशक्ती-रुंदी सुमारे 75 कोनीय मिनिटं असते, म्हणजे मध्यापासून 37 मिनिटं. तुमचा स्रोत त्या उतारावर बाहेर पडतो. तिथे दुर्बीण हलली की किंवा वारंवारता बदलली की त्याची भासमान तीव्रता बदलते. साधं सेल्फ-कॅलिब्रेशन (लक्ष्याच्याच प्रतिमेवरून केलेली दुरुस्ती) सगळ्या आकाशाला एकच दुरुस्ती लावतं, त्यामुळे त्या स्रोताभोवती आऱ्यांसारखे पट्टे उरतात आणि हेलो नेमका त्या पट्ट्यांखाली जातो. दिशासापेक्ष कॅलिब्रेशन लागेल, निदान त्या एका स्रोतासाठी. प्रतिमा बीमपुरती न ठेवता 3 अंशांची करा: सेल (एक पिक्सेल) 1.5 कोनीय सेकंद, आकार 7200 पिक्सेल. कासा या सॉफ्टवेअरमधल्या टीक्लीन या प्रतिमा बनवणाऱ्या कामात एमटीएमएफएस (वारंवारतेनुसार बदलणारं तेज धरणारी पद्धत) आणि 2 टर्म, कारण 300 ते 500 हा पट्टा मध्याच्या निम्मा रुंद आहे. डब्ल्यू-प्रोजेक्शन (रुंद आकाशाच्या वक्रतेची दुरुस्ती) चालू हवंच.

आकार: 2048 चॅनेल, 2 पोलरायझेशन, 5.37 सेकंदांचं संकलन धरलं तर 10 तासांना ढोबळमानानं 100 जीबी एलटीए (दुर्बिणीच्या मूळ स्वरूपातली) फाइल. ती लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्सनं फिट्समध्ये आणायची, मग कासामध्ये. मेजरमेंट सेटमध्ये मूळ, मॉडेल आणि दुरुस्त असे तीन स्तंभ झाले की तोच डेटा तिपटीहून फुगतो. 1 टीबी मोकळी जागा ठेवा, शक्यतो एसएसडीवर. रॅम 64 जीबी असेल तर बरं. प्रोसेसरपेक्षा डिस्कच जास्त अडवते.

पाइपलाइनबद्दल: यूजीएमआरटीसाठी कॅप्चर आहे, स्पॅम आहे, दोन्ही चांगल्या आहेत. पण त्या चालवण्याआधी फक्त 3सी147 चा स्कॅन उघडून प्रत्येक अँटेनाचा आलेख डोळ्यांनी पाहा. संदर्भ अँटेना मध्यवर्ती चौकातली, सीपासून सुरू होणारी घ्या. भुजांच्या टोकाची डब्ल्यू06 किंवा एस06 घेतलीत तर तिचा फेज सगळ्यांच्या माथी बसतो. 360 ते 380 मेगाहर्ट्झमध्ये उपग्रहांचे संकेत असतात. तो तुकडा बहुधा सोडावाच लागतो. विजेच्या तारांचा गोंगाट वेगळा: तो सगळ्या पट्ट्यात, काही सेकंदांच्या ठिपक्यांनी येतो आणि चौकातल्या लहान बेसलाइनवर (दोन अँटेनांमधल्या अंतरांवर) सर्वाधिक. ऑटोफ्लॅग (खराब डेटा आपोआप काढणं) जोरात लावलं की याच बेसलाइन आधी उडतात आणि हेलोचं पसरट तेज यांच्यातच असतं. 100 मीटरची बेसलाइन 400 मेगाहर्ट्झला सुमारे 26 मिनिटांपर्यंतची रचना पकडते. तुमच्या समूहात 1 मेगापार्सेक म्हणजे साधारण 5 मिनिटं, म्हणजे दुर्बिणीला तो सहज दिसतो. फ्लॅगिंगनंतर लहान बेसलाइन किती टक्के उरल्या ते वेगळं मोजा. गोंगाट कमी झाला म्हणून खूश झालात आणि सोबत हेलोही गेला, असं सहज होतं.

रेडिओकर

एक भर. चॅनेल सरासरी करताना बरेच जण सवयीनं 10 चॅनेल एकत्र करतात. 200 मेगाहर्ट्झचे 2048 म्हणजे एक चॅनेल सुमारे 98 किलोहर्ट्झ. दहाची बेरीज झाली जवळपास 1 मेगाहर्ट्झ. 8 कोनीय सेकंदांच्या बीमला अर्धशक्तीच्या कडेवर शिखर-तेज त्यानं 10 टक्क्यांच्या आसपास घटतं. 4 चॅनेल केले तर घट 2 टक्क्यांच्या आत. तुमचा तेजस्वी स्रोत 50 मिनिटांवर असल्यामुळे 4 च करा. तो पुसट झाला तर वजा करताना नीट निघत नाही.

ध्रुवमत्स्य

सेल्फ-कॅलिब्रेशनच्या फेऱ्यांबद्दल थोडं. आधी फक्त फेज: 8 मिनिटं, मग 4, 2, 1. दर फेरीला किती सोल्यूशन फेटाळली जातात ते लॉगमध्ये वाचा. आकडा अचानक चढला तर आधीच्या अंतरावर परत या. अँप्लिट्यूड अगदी शेवटी, लांब अंतरानं आणि सोल्यूशन नॉर्मलाइझ करून. नाहीतर मॉडेलमध्ये नसलेलं पसरट तेज हळूहळू दाबलं जातं. प्रत्येक फेरीनंतर चार-पाच ओळखीच्या स्रोतांचा फ्लक्स लिहून ठेवा. तो घसरत असेल तर थांबा.

मृगशीर्ष

सर्वांचे आभार. शेवटचं: हेलो आणि त्यातल्या दीर्घिका वेगळ्या कशा करायच्या?

नारायणगावकर

ताम्रसृती 0.2 ला 200 किलोपार्सेक म्हणजे साधारण 1 मिनिट. तितक्या कोनाला बेसलाइन येते सुमारे 3.4 किलोलॅम्डा (म्हणजे 3,400 तरंगलांबी). त्यापेक्षा लांब बेसलाइन तेवढ्याच घेऊन प्रतिमा करा; तिच्यात फक्त बिंदूवत आणि लहान स्रोत दिसतील. त्यांचं मॉडेल यूव्ही डेटातून वजा करा. उरलेल्याला टेपर लावून (लांब बेसलाइनचं वजन कमी करून) 20-25 कोनीय सेकंदांच्या बीमनं पुन्हा प्रतिमा करा.

ही मर्यादा 2.5 आणि 4.5 किलोलॅम्डा ठेवूनही सगळं पुन्हा करा आणि हेलोचा फ्लक्स तिन्हींत किती बदलतो ते पाहा. तो फरक पेपरमधल्या त्रुटीत धरावा लागतो. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात. समूहात शेपटीवाली रेडिओ दीर्घिका असेल तर तिची शेपटी 1 मिनिटाहून लांब असते आणि या पद्धतीनं निघत नाही. तो भाग मास्क करून वगळा, आणि वगळलेलं क्षेत्र आकृतीत दाखवा.