जॅग्वार एफ-टाइप व्ही८ एस: दुपारच्या ट्रॅफिकनंतर जोर कमी का होतो?

नेरूळवाला:
२०१४ ची सेकंडहँड एफ-टाइप व्ही८ एस बघतोय. ५.० लिटर सुपरचार्ज्ड, ४९५ पीएस, ६२५ न्यूटन-मीटर. सकाळी पाम बीच रोडवर मस्त उचल घेते, पण दुपारी वाशीच्या सिग्नलांमधून निघाली की पिकअप मंद. चेक इंजिन लाइट नाही. कूलंट किमान खुणेच्या जरा खाली आहे, जमिनीवर मात्र डाग नाही. सुपरचार्जर (इंजिनात दाबून हवा भरणारा पंप) गेला असेल का? घेण्याआधी काय तपासून घेऊ?

स्पॅनर_तुर्भे:
सुपरचार्जरचे रोटर सहसा जात नाहीत. ईटन कंपनीचा टीव्हीएस प्रकारचा आहे, चार-चार पाकळ्यांचे दोन रोटर, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारे. म्हणून टर्बोसारखी जोर यायची वाट बघावी लागत नाही. पण हवा दाबली की तापते आणि ती थंड करायला दोन्ही बाजूंना पाण्यावरचे चार्ज कूलर आहेत. त्यांचं सर्किट इंजिनच्या कूलिंगपासून वेगळं असतं: स्वतःचा इलेक्ट्रिक पंप, पुढे स्वतःचा रेडिएटर. गाडी उभी राहिली की त्या रेडिएटरला वारा मिळत नाही, आत जाणारी हवा गरम होते आणि ठोका (इंधन अवेळी पेटणं) बसू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे घेतो; ठिणगी उशिरा पडते आणि जोर कमी होतो. ही जोर कमी होण्याची गोष्ट थोडीफार प्रत्येक गाडीत होणारच.

प्रश्न आहे तो परत थंड होते का, याचा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून इनटेक एअर टेम्परेचर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बघत चालवा. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर आकडा दोन-तीन मिनिटांत भराभर उतरायला हवा. उतरलाच नाही तर तो पंप बंद आहे, सर्किटमध्ये हवा अडकली आहे किंवा पुढचा रेडिएटर धुळीने बुजलाय. हवा अडकली असेल तर व्हॅक्यूम लावूनच भरावं लागतं, नुसतं वरून ओतून निघत नाही. पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खाली नको, नाहीतर हाच त्रास दुप्पट.

घोडबंदर_व्ही८:
मला जास्त काळजी त्या कूलंटची वाटते. या इंजिनात कूलंटचे पाइप प्लास्टिकचे आहेत, दोन अर्धे भाग जोडून केलेले. तापून-थंड होऊन जोडावर चीर पडते. मागचा पाइप सुपरचार्जरखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला आहे. तिथून गळलेलं कूलंट इंजिनच्या खोबणीत साचून वाळतं, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही. गोडसर वास आणि पांढरट-नारिंगी सुकलेला थर शोधा.

इंजिन पूर्ण थंड असताना प्रेशर टेस्ट करून घ्या: टोपणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि वीस मिनिटं काटा बघायचा. पडला की गळती नक्की. वॉटर पंपचं सीलही बघा, तेही जातं. मागचा पाइप बदलायला सुपरचार्जर उतरवावा लागतो, तेव्हा पुढचा पाइप, होज आणि गॅस्केट त्याच वेळी बदला. ॲल्युमिनियमचे पाइप मिळतात, तेच टाका. आणि थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन चढतो, तोही तेव्हाच साफ होतो. पाणी कमी असताना हिने एकदाही ओव्हरहीट घेतलं असेल तर सिलिंडर हेड ॲल्युमिनियमची आहेत, वाकतात. तशी शंका असेल तर गाडी सोडून द्या.

नेरूळवाला:
आणि आवाजांचं? आयडलला पुढून खडखड येते.

स्पॅनर_तुर्भे:
एसी बंद करा, इंजिन गरम होऊ द्या आणि मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपने सुपरचार्जरच्या नाकाडावर (पुढच्या टोकावर) ऐका. डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड असून जरा रेझ केल्यावर जात असेल तर आतलं स्प्रिंगचं कपलिंग झिजलंय. अख्खा सुपरचार्जर बदलू नका, कपलिंग वेगळं मिळतं. नाकाड उघडलंच तर तिथलं तेलही बदला. ते वेगळं असतं, इंजिन ऑइल चालत नाही.

थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद पुढून साखळीचा आवाज आला तर टायमिंग चेनचे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीचे) टेन्शनर आणि गाइड झिजलेत. २०१२ पर्यंतच्या ५.० इंजिनांत ही तक्रार जास्त, पण रात्रभर उभ्या गाडीचा पहिला स्टार्ट ऐकल्याशिवाय टोकन देऊ नका. इंजिन ऑइलला डिपस्टिक (मोजायची पट्टी) नाही, पातळी स्क्रीनवरच दिसते.

घोडबंदर_व्ही८:
गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ-स्पीड. ऑइल आजन्म चालतं असं सांगतात, ते खरं धरू नका. ८०,००० किमीच्या आसपास बदलावं. फिल्टर प्लास्टिकच्या संपमध्येच (खालच्या ऑइलच्या भांड्यात) असतो, म्हणून अख्खा संप बदलतात. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांत असतानाच लावायची.